खेळाच्या मैदानाखाली काय असते?

रोह्याहून किंवा पेणहून मुंबईला निघालेली एस.टी. पनवेल ओलांडून शीव-पनवेल महामार्गाला लागली, की थोड्याच वेळात नेरूळ येथे एक प्रचंड वाटोळी वास्तू दृष्टीस पडते. हे डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगण. मार्च २००८ मध्ये ते सुरू झाले. चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक येथे बसू शकतात. २०११ च्या जनगणनेत पेण शहराची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आतच होती. म्हणजे सगळे पेण शहर या एका वास्तूत सहज मावले असते! प्रेक्षकांच्या डोक्यावरचे छप्पर मागच्या बाजूने तोलून धरलेले आहे. त्यामुळे मध्ये खांब येत नाहीत आणि कोठूनही सगळे मैदान दिसते.

छप्पर, दिव्यांचे झोत आणि खुर्च्यांच्या रांगा सर्वांनाच दिसतात. परंतु स्टेडियमचा खरा कस लागतो तो त्याच्या मैदानाखाली, म्हणजे मातीत. आज आपण तिकडेच लक्ष देणार आहोत. कारण या मैदानाच्या इतिहासात एक कोडे दडलेले आहे.

४९ दिवसांचे कोडे

हे मैदान मुळात क्रिकेटसाठी प्रसिद्धीस आले. आय.पी.एल. स्पर्धेचा पहिलावहिला अंतिम सामना १ जून २००८ रोजी येथेच झाला आणि राजस्थान रॉयल्सने चेन्नई सुपर किंग्जला हरवले. पुढे २०१४ आणि २०१५ मध्ये मुंबई सिटी हा फुटबॉल संघ आपले घरचे सामने येथे खेळू लागला. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने येथे झाले. त्यातील स्पेन आणि माली यांच्यातील उपांत्य सामनाही याच मैदानावर झाला.

आता २०२२ सालाकडे बघा. ६ फेब्रुवारी रोजी महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना येथे झाला. चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवले. त्यानंतर २७ मार्च रोजी याच मैदानावर आय.पी.एल.चा क्रिकेट सामना होता, आणि त्या मोसमात साखळीतले २० सामने येथे खेळले गेले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा फुटबॉल आला. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला झाला व स्पेनने कोलंबियावर १-० असा विजय मिळवला. लगेच ९ डिसेंबर रोजी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या महिला संघांत येथे क्रिकेटचा सामना झाला.

तारखा मोजून पाहा. फेब्रुवारीतील फुटबॉल आणि मार्चमधील क्रिकेट यांच्यात ४९ दिवस गेले. ऑक्टोबरमधील फुटबॉल आणि डिसेंबरमधील क्रिकेट यांच्यात अवघे ४० दिवस!

तुम्ही म्हणाल, "यात कोडे कसले? नाट्यगृहात आज नाटक असते, उद्या गाण्याची बैठक असते. खुर्च्या हलवल्या आणि पडदा बदलला की झाले." परंतु मैदानाचे तसे नसते. क्रिकेटच्या खेळपट्टीला जी माती लागते, ती फुटबॉलला चालत नाही, आणि फुटबॉलला जी लागते तिच्यावर खेळपट्टी होत नाही. शिवाय मैदान हे यंत्र नव्हे. त्यात गवत वाढावे लागते आणि माती वाळावी लागते. या दोन्ही गोष्टींना आपापला वेळ लागतो.

भूमितीचा प्रश्न सोपा

प्रथम आकाराचा विचार करू, कारण तो पायथागोरसच्या प्रमेयाने सुटतो. आंतरराष्ट्रीय फुटबॉलचे मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते. त्याचा कर्ण किती? १०५ चा वर्ग ११,०२५ आणि ६८ चा वर्ग ४,६२४. बेरीज १५,६४९. तिचे वर्गमूळ सुमारे १२५. याचा अर्थ असा, की ६३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात हा आयत चारही कोपऱ्यांसह मावतो.

पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये खेळपट्टीच्या मध्यापासून सीमारेषेचे अंतर ६५ ते ९० यार्ड, म्हणजे सुमारे ५९ ते ८२ मीटर असते. तेव्हा ७० मीटर त्रिज्येचे क्रिकेट मैदान असेल, तर त्यात फुटबॉलचे मैदान सहज बसते. जागेची अडचण नाही. अडचण आहे ती नेमक्या मधल्या भागाची. क्रिकेटमध्ये मैदानाच्या मध्यभागी २२ यार्ड लांब (२०.१२ मीटर) आणि १० फूट रुंद (३.०५ मीटर) अशा अनेक खेळपट्ट्या एकमेकींना लागून आखलेल्या असतात. फुटबॉलचा मध्यवर्तुळाचा भाग नेमका त्यांच्यावर येतो. खेळाडूंची सर्वांत जास्त धावपळ जेथे होते त्यांपैकी हा एक भाग. आणि तेथेच क्रिकेटवाल्यांची दगडासारखी कठीण माती असते.

ही माती एवढी कठीण का असते, हे समजण्यासाठी मातीच्या घरात डोकावले पाहिजे.

वाळू, गाळ आणि चिकणमाती

कोणतीही माती तीन प्रकारच्या कणांची बनलेली असते. सर्वांत मोठे कण वाळूचे. ते नुसत्या डोळ्यांना दिसतात. त्यांहून बारीक कण गाळाचे. आणि ज्यांचा व्यास ०.००२ मिलिमीटरपेक्षाही कमी असतो, ते चिकणमातीचे. असे पाचशे कण एका रांगेत मांडले तरी रांग एक मिलिमीटर भरणार नाही.

हे कण पाण्यात किती वेगाने बुडतात, यावरून त्यांना वेगळे ओळखता येते. स्टोक्स या शास्त्रज्ञाच्या नियमानुसार स्थिर पाण्यात बुडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.०५ मिलिमीटर व्यासाच्या कणाला दहा सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे ४५ सेकंद लागतात. ०.००२ मिलिमीटरचा कण त्याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा आहे. पंचविसाचा वर्ग ६२५. म्हणून त्याला ६२५ पट वेळ, म्हणजे जवळजवळ आठ तास लागतात! पावसाळ्यात कुंडलिकेचे किंवा भोगावतीचे पाणी पाऊस थांबल्यानंतरही बराच काळ गढूळ राहते, त्याचे एक कारण हेच आहे.

कणांच्या आकारातही फरक असतो. वाळूचे कण खड्यांसारखे असतात. एकावर एक रचले तरी मध्ये मोठ्या फटी राहतात व त्यांतून पाणी झरझर निघून जाते. चिकणमातीचे कण मात्र पत्त्यांसारखे चपटे असतात. ओले असताना दोन पत्त्यांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर असतो. त्यामुळे ते एकमेकांवरून घसरतात आणि माती मऊ, लवचिक होते. पाणी उडून जाऊ लागले, की उरलेल्या पाण्याच्या ओढीने पत्ते जवळ येतात आणि एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. माती आक्रसते व कठीण बनते.

मूर्तिकार, शेतकरी आणि खेळपट्टी

पेणच्या मूर्तिकारांना हे पत्त्यांचे गुपित पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शाडूची माती चांगली मळली, की तिच्यातील हवा निघून जाते, कण नीट बसतात आणि तिला गणपतीच्या सोंडेचे नाजूक वळण देता येते. ओली मूर्ती कडक उन्हात ठेवत नाहीत, सावलीत सुकवतात. उन्हात बाहेरचा थर झटकन आक्रसतो, आतला ओलाच राहतो आणि मूर्तीला तडे जातात.

रोह्याच्या भातशेतीतही हेच ज्ञान दिसते. लावणीपूर्वी खाचरात चिखलणी करतात. चिखल तुडवल्याने मातीच्या ढेकळांतील फटी मोडतात व चिकणमातीचे पत्ते आडवे बसतात. मग खाचरातले पाणी खाली मुरत नाही. कापणीनंतर तेच खाचर वाळून टणक होते, भेगाळते, आणि दिवाळीनंतर गावोगावची मुले त्याच खाचरांत स्टंप रोवून क्रिकेट खेळतात. पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी जमीन हिवाळ्यात चेंडूला उसळी देते. दोन्ही गुण चिकणमातीचेच.

खेळपट्टी तयार करणारा माणूस वेगळे काही करत नाही. खेळपट्टीच्या मातीत चिकणमातीचा वाटा मोठा, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास असतो. ही माती थोड्या थोड्या सेंटिमीटरच्या थरांनी पसरतात, भिजवतात, थोडी वाळू देतात व रोलर फिरवतात. मग पुढचा थर देतात.

खेळपट्ट्यांच्या संदर्भात "लाल मातीची" आणि "काळ्या मातीची" असे शब्द तुम्ही धावत्या वर्णनात ऐकले असतील. गंमत अशी, की महाराष्ट्रात या दोन्ही मातींचा जन्म बहुतांशी एकाच खडकातून, सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टमधून झालेला आहे. घाटावर पाऊस कमी असतो. तेथे खडकातील क्षार जमिनीतच राहिले आणि पाणी पिऊन फुगणारी, वाळताना खूप आक्रसणारी काळी माती बनली. कोकणात मात्र हजारो वर्षांच्या मुसळधार पावसाने क्षार व सिलिका धुऊन नेले. मागे उरले लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे संयुग. लोह गंजावे तसा तांबडा रंग तिला आला. ही माती फारशी फुगत नाही. लाल मातीची खेळपट्टी लवकर वाळते, चेंडूला चांगली उसळी देते, पण तिचा पृष्ठभागही लवकर सुटू लागतो. काळी माती जास्त काळ बांधून राहते व चेंडू तिच्यावर साधारणपणे खाली राहतो.

रोलर कधी फिरवायचा?

तांदळाची भाकरी थापताना पाणी कमी पडले तर कडा चिरतात, जास्त झाले तर पीठ हाताला चिकटते. मातीचेही असेच आहे. माती फार कोरडी असेल तर कणांतील घर्षणामुळे ती दबत नाही. फार ओली असेल तर फटींत पाणी भरलेले असते, आणि पाणी दाबाने आकसत नाही. या दोहोंच्या मध्ये ओलाव्याचे एक योग्य प्रमाण असते. त्या वेळी दाब दिला, तर माती सर्वांत दाट बसते. अमेरिकेतील एक अभियंता आर. आर. प्रॉक्टर यांनी मातीच्या धरणांसाठी ही गोष्ट अभ्यासून १९३३ मध्ये मांडली. आजही रस्ते, धरणाचे बांध व खेळपट्ट्या या तिन्ही ठिकाणी तिचा उपयोग होतो. म्हणून अनुभवी मैदान-रक्षक आधी माती चिमटीत घेऊन पाहतो आणि मगच रोलर बाहेर काढतो.

या सर्वाला वेळ लागतो. एकदा वापरलेल्या खेळपट्टीवर बुटांच्या खळग्या पडतात, भेगा रुंदावतात. तिला पाणी देऊन, दाबून, विश्रांती देऊनच पुन्हा तयार करता येते. म्हणून तर शेजारी शेजारी अनेक खेळपट्ट्या ठेवतात व आळीपाळीने वापरतात. एका मोसमात २० सामने व्हायचे असतील, तर हे वेळापत्रक किती काटेकोरपणे आखावे लागत असेल, याची कल्पना करा.

फुटबॉलला हवी वाळू

फुटबॉलपटू दीड तास संपूर्ण मैदानभर धावतो, घसरतो, पडतो. त्याला पायाखाली थोडी लवचीक, हिरवळीने झाकलेली आणि पाऊस पडला तरी चिखल न होणारी जमीन हवी असते. म्हणून चांगल्या फुटबॉल मैदानात वरचा सुमारे ३० सेंटिमीटरचा थर बहुतांशी वाळूचा असतो. त्याखाली खडीचा थर आणि खडीत छिद्रे असलेल्या नळ्या. या नळ्या माशाच्या काट्याप्रमाणे मांडलेल्या असतात आणि पाणी मैदानाबाहेरच्या गटारात नेऊन सोडतात.

निचऱ्याचे काम किती मोठे असते, ते आकड्यांत पाहू. ७० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ १५,४०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणून २५ मिलिमीटरची एक सर आली, की मैदानावर ३,८५,००० लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे ३८ टँकर भरून वर थोडे उरेल! ताज्या वाळूच्या थरातून ताशी दहा-वीस सेंटिमीटर पाणी मुरू शकते. रोलर फिरवलेल्या चिकणमातीत मात्र दिवसभरात काही मिलिमीटरच मुरते. त्यामुळे पाऊस आला की क्रिकेटची खेळपट्टी आच्छादनाने झाकण्यावाचून गत्यंतर नसते.

या मैदानाने दोन्ही अनुभव घेतले आहेत. ११ नोव्हेंबर २००९ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया सामना येथे व्हायचा होता. परंतु त्याच दिवशी 'फयान' चक्रीवादळ रायगड-मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन धडकले आणि एकही चेंडू न टाकता सामना सोडून द्यावा लागला. २०२५ च्या महिला विश्वचषकात २६ ऑक्टोबरचा भारत-बांगलादेश सामनाही पावसाने अर्धवट राहिला. मात्र २ नोव्हेंबरला, अंतिम सामन्याच्या दिवशी, पावसामुळे खेळ सुमारे दोन तास उशिरा सुरू झाला तरी दोन्ही संघांना पूर्ण ५० षटके मिळाली. भारताने दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय मिळवून महिलांचा विश्वचषक प्रथमच जिंकला. पाऊस चालूच राहिला तर कोणतेही विज्ञान त्याला थांबवू शकत नाही. पण तो थांबल्यानंतर किती लवकर खेळता येईल, हे मैदानाखालच्या वाळूवर, नळ्यांवर आणि खेळपट्टीवरच्या आच्छादनावर अवलंबून असते.

दोन्ही खेळ कसे जमवायचे?

आता आपल्या कोड्याकडे परत येऊ. चिकणमाती आणि वाळू या दोन विरुद्ध स्वभावांना एका मैदानात नांदवायचे, तर जगात तीन मार्ग वापरले जातात.

पहिला मार्ग म्हणजे खेळपट्ट्या जागीच ठेवून त्यांच्यावर गवताचे गालिचे अंथरणे. शेतात वाढवलेले गवत मुळांसह व थोड्या मातीसह पातळ कापून, चटईसारखे गुंडाळून आणतात आणि उलगडतात. हे झटपट होते. परंतु खाली चिकणमाती तशीच राहिल्याने मधला भाग कठीण राहतो व पाणीही तेथे तुंबते. मुळे खाली धरली नाहीत, तर खेळाडूच्या एका वळणासरशी गालिचा सरकतो.

दुसरा मार्ग म्हणजे मधली चिकणमाती खणून काढणे, तेथे वाळू भरून गवत लावणे आणि क्रिकेटचा मोसम आला की पुन्हा खेळपट्ट्या घडवणे. फुटबॉलसाठी हा उत्तम, पण खर्चिक. नवी खेळपट्टी थराथराने बसायला आठवडेच्या आठवडे लागतात.

तिसरा मार्ग मोठा कल्पक आहे. खेळपट्टी मैदानाबाहेर एका पोलादी तबकात तयार करायची आणि सामन्याआधी उचलून मैदानातल्या खड्ड्यात बसवायची! १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात केरी पॅकर यांनी स्वतंत्र क्रिकेट सामने भरवले. त्यांना क्रिकेटची नेहमीची मैदाने मिळेनात, म्हणून फुटबॉलच्या मैदानांवर अशा खेळपट्ट्या वापरल्या गेल्या. आज मेलबर्न येथील प्रसिद्ध मैदानावर उन्हाळ्यात क्रिकेट व हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतात ते याच युक्तीने. असे तबक २५ मीटर लांब, ३ मीटर रुंद व २० सेंटिमीटर खोल धरले, तर त्यात १५ घनमीटर माती बसेल. दाबलेल्या मातीचे वजन घनमीटरला १.८ टन धरले तरी एका खेळपट्टीचे वजन २७ टन झाले. पाच-सहा मोठे हत्ती उचलून ठेवण्यासारखेच हे काम!

कोणताही मार्ग घेतला तरी एक गोष्ट पैशाने फारशी लवकर होत नाही, आणि ती म्हणजे गवताची वाढ. आपल्या हवेत खेळाच्या मैदानावर प्रामुख्याने हरळी किंवा तिच्या सुधारित जाती लावतात. इंग्रजीत जिला 'बर्म्युडा ग्रास' म्हणतात ती हीच, आणि गणपतीला आपण वाहतो त्या दूर्वाही हिच्याच. हरळी जमिनीवर आडवी पसरते आणि प्रत्येक पेरापासून मुळे सोडते. त्यामुळे तुडवली तरी ती पुन्हा उभी राहते. खेळपट्टीत तिची मुळे काँक्रीटमधील सळयांचे काम करतात. शिवाय ती खोलवरचे पाणी शोषून पानांवाटे हवेत सोडतात व माती आतून वाळवतात. मात्र हरळीला भरपूर ऊन लागते. उंच प्रेक्षागारांची सावली तिला मानवत नाही. म्हणजे ज्या छपराचे प्रेक्षक कौतुक करतात, तेच गवताच्या मुळावर येऊ शकते!

कबड्डीची गोष्ट वेगळी

रायगडच्या वाचकांना आता कबड्डीची आठवण झाली असेल. पुरुषांचे कबड्डीचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर. फुटबॉलच्या ७,१४० चौरस मीटर मैदानात अशी जवळजवळ ५५ क्रीडांगणे मावतील. पण येथे माती तिसऱ्याच स्वभावाची हवी. खेळाडू पकडीत आपटतो, म्हणून ती मऊ असली पाहिजे. पाय निसटता कामा नये, म्हणून ती भुसभुशीतही चालत नाही. जुन्या नियमांत माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा यांच्या मिश्रणाचे सपाट, मऊ मैदान सुचवलेले असे. यात विज्ञान आहे. शेणखताचे व भुश्याचे तंतू चिकणमातीच्या पत्त्यांमध्ये शिरतात आणि त्यांना एकमेकांना घट्ट धरू देत नाहीत. खेळपट्टीत जे मुळीच नको, तेच कबड्डीत मुद्दाम घालायचे! आज मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. परंतु गावोगावच्या तालमींत पहिली चढाई अजून मातीवरच शिकली जाते.

करून पाहा

१) दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत खारेपाटातील आणि दुसरीत डोंगरउतारावरची तांबडी माती तिसऱ्या हिश्शापर्यंत भरा. वर पाणी व चिमूटभर कपड्याचा साबणचुरा घाला. पाच मिनिटे जोराने हलवून स्थिर ठेवा. एका मिनिटाने तळाशी बसलेल्या थराची, म्हणजे वाळूची, उंची खूण करून ठेवा. दोन तासांनी गाळाची खूण करा. उरलेली चिकणमाती बसायला एक-दोन दिवस लागतील. तिन्ही थरांची टक्केवारी काढा.

२) त्याच दोन मातींच्या ओल्या पट्ट्या थापा. प्रत्येकीवर बरोबर दहा सेंटिमीटर लांबीची रेघ ओढा. सावलीत आठवडाभर सुकवून रेघ पुन्हा मोजा. जी जास्त आखडली, तिच्यात फुगणारी चिकणमाती अधिक.

३) एक मीटर उंचीवरून तोच चेंडू शाळेच्या फरशीवर, मैदानावर, वाळलेल्या खाचरात आणि वाळूत सोडा. मागे मोजपट्टी उभी धरून उसळीची उंची पाहा. प्रत्येक ठिकाणी दहा वेळा मोजून सरासरी घ्या. मैदानाला पाणी मारून दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या दिवशी हाच प्रयोग केला, तर ओलावा आणि उसळी यांचा सुंदर आलेख काढता येईल.

आपल्या शाळेचे मैदान

पेण, रोहे भागात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. त्या काळात पुष्कळ शाळांची मैदाने चिखलात बुडालेली असतात. पाऊस संपल्यावरही खळगे व कडक झालेली पायांची ठसे यांमुळे कित्येक आठवडे वाया जातात. ज्यांना खेळात पुढे जायचे आहे, अशा मुलामुलींचे हे मोठेच नुकसान होय.

नळ्या आणि वाळूचे मैदान प्रत्येक शाळेला परवडणार नाही. पण त्यामागील तत्त्वे फुकट आहेत. मैदानाचा मध्य किंचित उंच ठेवावा. शंभर पावलांना एक पाऊल एवढा उतारही पाणी बाजूला नेण्यास पुरतो. कडेने चर खणून त्याला वाट काढून द्यावी. मैदान ओले असताना त्यावरून चालू नये व वाहन तर मुळीच नेऊ नये, कारण ओल्या चिकणमातीवरचा प्रत्येक पाय म्हणजे छोटीशी चिखलणीच. धावण्याच्या जागी मुरूम व वाळू मिसळावी. एक कोपरा कबड्डीसाठी राखून तेथे चाळलेली माती आणि शेणखत घालावे. रोलर फिरवायचा तो पाऊस संपल्यावर, माती भाकरीच्या पिठासारखी झाली की. आणि हरळी दिसली तर उपटू नये!

हे सगळे करण्याआधी मात्र एक गोष्ट केली पाहिजे. आपल्या मैदानाची माती कोणत्या स्वभावाची आहे, ते शोधून काढायला हवे. त्यासाठी दोन रिकाम्या बाटल्या पुरेशा आहेत.